रात्र मोजणारा धान

आश्विन सरत आला की गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाच्या शिवेवर संध्याकाळी उभे राहावे. हलका धान कापून कडपा पडलेला असतो, मध्यम धान पिवळा होत चाललेला आणि जड धान नुकता निसवून लोंब्या वाकवू लागलेला. गावाला लागून असलेल्या एखाद्या बांधीच्या धुऱ्यावर विजेचा खांब असतो आणि त्यावरचा दिवा रात्रभर जळतो. अशा जागी जड धान असेल, तर एक गोष्ट पाहायला मिळते. सगळी बांधी निसवलेली आणि खांबाखालचा एक तुकडा मात्र हिरवागार, लोंबीवाचून उभा. पऱ्हे एकाच वाफ्यातले, रोवणी एकाच दिवशीची, खत-पाणी तेच. पाहणाऱ्याला वाटते, रोग पडला किंवा बियाण्यात भेसळ झाली. तसे काही नसते. त्या तुकड्याला पुरेशी रात्र मिळालेली नसते.

धानाच्या जिल्ह्यात आपण पाण्याबद्दल खूप बोलतो. पाऊस किती झाला, इटियाडोह धरणाचे पाणी कधी सुटणार, बोडीत किती उरले, पंपाला वीज कोणत्या पाळीत मिळणार. प्रकाशाबद्दल कुणी बोलत नाही, कारण तो फुकट आहे आणि रोज येतो. पण धानाचे सगळे वर्ष प्रकाश आणि अंधार यांच्या हिशेबावर चालते. हा हिशेब आपण नीट समजून घेतला नाही, तर उद्या दिवे लावताना आणि बियाणे निवडतानाही चुकत राहू.

झाडे दिवसाची लांबी ओळखतात, हे गार्नर आणि ॲलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिले. तंबाखूचा एक वाण उन्हाळाभर नुसता वाढत राही आणि फुलत नसे. त्याला रोज काही तास अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवल्यावर तो फुलला. त्या काळी समज असा झाला, की झाड दिवस मोजते. पुढे कळले, की ते मोजते रात्र. पानात एक रंगद्रव्य असते, फायटोक्रोम. ते १९५९ साली अमेरिकेच्या शेतीखात्याच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा टिपता आले. लाल उजेड पडला की ते एका रूपात जाते, अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपाकडे वळते. या घड्याळाला सलग अंधार लागतो. जपानी संशोधकांच्या प्रयोगांत लांब रात्रीच्या मध्यावर भाताच्या रोपांवर अवघी दहा मिनिटे दिवा लावला, तेवढ्याने फुलोऱ्याचा निरोप दबला. हा निरोप म्हणजे पानात तयार होणारे एक प्रथिन. ते देठातून चढत कोंबाच्या टोकाशी जाते आणि पाने काढणे थांबवून लोंबी घडवायला सांगते. एचडी३ए हे त्याचे नाव. ते खरोखर पानातून टोकापर्यंत प्रवास करते, हे भातात २००७ साली सिद्ध झाले.

आता हे गोंदियाच्या अक्षांशावर आणून पाहू. २१ जूनच्या सुमारास इथला दिवस जवळपास साडेतेरा तासांचा असतो, डिसेंबरच्या शेवटी पावणेअकरा तासांच्या आसपास. फरक अडीच तासांहून थोडा जास्त. माणसाला तो थंडीतल्या लवकर पडणाऱ्या अंधारापुरता जाणवतो, धानाला मात्र काही मिनिटांचाही फरक कळतो. चिन्नोर, लुचई, दुबराज असे जुने उंच, जड धान याच कामात तरबेज होते. मृगात पाऊस आला आणि आषाढात रोवणी झाली, किंवा पाऊस दडी मारून बसला आणि रोवणी श्रावणात ढकलली गेली, तरी अशा धानाचा निसवा फार मागेपुढे होत नाही. त्याने पेरणीची तारीख धरलेलीच नसते. भाद्रपदात रात्र एका ठरावीक लांबीची झाली, की पोटात लोंबी धरते आणि महिन्याभराने, आश्विनात, ती बाहेर पडते.

हे इतके काटेकोर कशासाठी, याचे उत्तर आकाशात आहे. धानाचे फूल सकाळच्या उन्हात उघडते, थोडा वेळ उघडे राहते आणि मिटते. त्या वेळी धो धो पाऊस असेल तर पराग वाहून जातो आणि दाणा पोचट राहतो. आश्विनात पाऊस परतलेला असतो. आकाश धुतल्यासारखे निळे, ऊन सोनेरी पण फार जाळणारे नाही, आणि दाणा भरायला पुढे महिनाभर अशीच हवा. हजारो हंगामांत ज्या झाडांनी हा मुहूर्त साधला, त्यांचेच बियाणे पुढच्या वर्षी कणगीत गेले. जड धानाच्या अंगी असलेला हा गुण म्हणजे आपल्या पावसाचा पाठ केलेला इतिहासच, असे मला वाटते. तो कुणी लिहून ठेवला नाही, दाण्यात साठत गेला.

दाणा भरायला ऊन लागते म्हणजे किती लागते, याचा अभ्यास फिलिपिन्समधल्या लॉस बान्योस इथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत बारकाईने झाला. शौइची योशिदा यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात तो मांडला आहे. वेगवेगळ्या अवस्थांत पिकावर सावली धरून त्यांनी पाहिले. रोवणीनंतरच्या पहिल्या महिन्यात सावली पडली, तर उत्पन्नाला फारसा धक्का बसत नाही. लोंबी पोटात घडत असताना उजेड कमी पडला, तर दाण्यांची संख्याच घटते. निसवल्यावर कमी पडला, तर दाणे भरत नाहीत. म्हणजे धानाच्या आयुष्यातले शेवटचे दोन महिने उन्हाचे. आपल्याकडे हलका धान नेमका ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात, झडीच्या दिवसांत पोटरीवर येतो. पाणी भरपूर, पण सूर्य ढगाआड. पूर्व भारतातल्या खरिपाचे हे जुने दुखणे आहे. कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेत कमी उजेडात तग धरणारे वाण शोधण्याचे काम म्हणूनच वर्षानुवर्षे चालू आहे.

म्हणून झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या या धानाच्या मुलखात, पाणी असते तेव्हा ऊन नसते, आणि ऊन येते तेव्हा पाणी ओसरलेले असते. ही विसंगती इथल्या माणसांनी शास्त्राची पुस्तके निघण्याच्या कितीतरी आधी ओळखली आणि तिच्यावर तोडगा काढला. तो तोडगा म्हणजे तलाव. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. मारुती चितमपल्लींमुळे मराठी वाचकांना हे नाव पक्ष्यांसाठी आणि रानासाठी ठाऊक झाले, पण बांध मुळात धानासाठी बांधला गेला. कोहळी समाजाने डोंगरांच्या खोबणी हेरून, माती दाबून, या मुलखात हजारो तलाव उभे केले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि लोक त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणू लागले. सिंचनाच्या भाषेत हे पाण्याचे साठे आहेत. मला ते वेगळे दिसतात. श्रावणातले पाणी आश्विनाच्या उन्हापर्यंत राखून ठेवण्याची ती सोय आहे. पाऊस गेल्यावर जड धानाला एक-दोन पाणी तलावातून मिळाले, तर त्या स्वच्छ उन्हाचा दाणा होतो. नाही मिळाले, तर तेच ऊन बांधीला भेगा पाडते. गाळाने भरलेल्या मामा तलावांचे दुःख म्हणूनच मोठे आहे. तलाव उथळ झाला की पाणी उन्हापर्यंत पोचत नाही.

उन्हाळी धान ही या सोयीची पुढची पायरी. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हे टाकायचे, फेब्रुवारीच्या आसपास रोवणी करायची, मेमध्ये कापणी. इटियाडोह, बाघ प्रकल्प, वैनगंगेवरच्या उपसा योजना आणि विहिरी-बोअरवेल यांच्या पाण्यावर हे पीक उभे राहते. पऱ्ह्यांना थंडी बाधते, कारण गोंदियाचा पारा डिसेंबर-जानेवारीत दहाच्याही खाली उतरतो. फुलोऱ्याच्या वेळी तापमान पस्तिशीच्या फार वर गेले तर दाणे वांझ राहतात. या दोन काठांमधून वाट काढली, की मधल्या काळात ऊन इतके सलग मिळते, की एकरी उत्पन्न साधारणपणे खरिपाला मागे टाकते. पण इथे चिन्नोर चालत नाही. दिवस लांबत जाणाऱ्या हंगामात रात्र मोजणारा धान गोंधळतो. एक तर वीतभर असतानाच निसवतो, नाही तर नुसता पाला वाढवत राहतो. उन्हाळी हंगामाला रात्रीकडे लक्ष न देणारा वाण लागतो.

तो १९६६ साली आला. आयआर-८ हा बुटका धान त्याच लॉस बान्योसच्या संस्थेने दिला. तो बुटका म्हणून, खताला उभा राहतो म्हणून गाजला. त्याचा दुसरा गुण तितकाच मोठा होता: दिवस लहान असो वा मोठा, आपले ठरलेले दिवस भरले की तो निसवतो. आज गोंदियात ज्याला शेतकरी नुसते ‘दहाशे दहा’ म्हणतात, तो आंध्रातल्या मारुटेरूचा एमटीयू-१०१० याच पठडीतला. पेरल्यापासून चार महिन्यांच्या आत घरात. अशा वाणांमुळे दोन हंगाम शक्य झाले, पोट भरले, बाजार उभा राहिला, गोंदियाच्या राइस मिलना वर्षभर काम मिळाले. मला या धानाबद्दल आकस नाही. पण त्याने एक शहाणपण खाली ठेवले, हे सांगायला हवे. दिवस भरले की तो पाऊस चालू आहे की थांबला, हे पाहत नाही. ऐन दिवाळीच्या तोंडावर कडपा भिजल्याच्या, लोंब्यांना कोंब फुटल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बिघडलेला पाऊस आहेच. रात्र मोजायची विसरलेला धानही आहे.

मग प्रश्न येतो, ऊन कमी पडते तर दिवे का लावू नयेत? शहरांत बंद खोल्यांत दिव्यांखाली पालेभाज्या पिकतात, चिनी अंतराळवीरांनी तर २०२२ साली अवकाशस्थानकात दिव्यांखाली भात बी ते बी पिकवला, एकशे वीस दिवसांत. प्रश्न साधा आहे, तसाच त्याचा हिशेबही साधा आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यातल्या आकड्यांनी करता येतो. पावसाळ्यातल्या बऱ्यापैकी ढगाळ दिवशीही एका चौरस मीटर बांधीवर सूर्य साधारण चार युनिट ऊर्जा टाकतो. तिच्यातली जवळपास निम्मी पानाच्या कामाची. चांगला एलईडी दिवा विजेचा दोन-तृतीयांशाच्या आसपास भाग उजेडात बदलतो. म्हणजे त्या ढगाळ दिवसाची बरोबरी करायला रोज चौरस मीटरला तीन युनिट वीज हवी. हात आखडून दोनच धरू. शंभर दिवसांची दोनशे युनिट. एकराचे चार हजार चौरस मीटर, म्हणजे एकरी आठ लाख युनिट. एकराला वीस क्विंटल धान झाला, तर किलोमागे चारशे युनिट.

तिरोड्याचा औष्णिक वीज प्रकल्प ३३०० मेगावॅटचा आहे. तो पूर्ण ताकदीने तासभर चालला, तर तेहतीस लाख युनिट वीज होते. त्यात चार एकर धानाचा एक हंगाम भागेल. दिवसभराच्या विजेत शंभर एकर. वर्षभर एक मिनिट न थांबता चालून, सगळी वीज दिव्यांना देऊन, साडेचौदा हजार हेक्टर. जिल्ह्यात खरिपाचा धान लागतो सुमारे पावणेदोन ते दोन लाख हेक्टरांवर. एवढी मोठी धुरांडी वर्षभर राबून आपल्या एका हंगामाचा दहावा हिस्साही उजळू शकत नाहीत, आणि तोही दोन-तृतीयांशच उजेडाने. हा हिशेब मी पहिल्यांदा वहीवर मांडला, तेव्हा दोनदा तपासून पाहिला. आपल्या बांधीवर रोज सकाळी जे येऊन पडते, त्याची किंमत मला तेव्हा कळली.

दिव्याखाली धान पिकवण्याला अर्थ आहे तो एकाच जागी, बियाणे घडवताना. दोन वाणांचा संकर केला, की पुढच्या पिढ्यांत गुण विस्कटतात. ते स्थिर व्हायला सहा-सात पिढ्या जाव्या लागतात. शेतात वर्षाला एक पिढी, उन्हाळी घेतली तर दोन. म्हणून सिंदेवाही, साकोलीसारख्या केंद्रांवर एक वाण उभा करायला पैदासकाराच्या नोकरीचा मोठा भाग जातो, आणि तोवर गादमाशीसारख्या किडीने, करप्यासारख्या रोगाने नवी वाट शोधलेली असते. वाराणसीला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे दक्षिण आशिया केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी ‘स्पीडफ्लॉवर’ नावाची पद्धत बसवली. बंद खोलीत लाल उजेड निळ्याच्या दुप्पट ठेवायचा. रोपे लहान असताना सुरुवातीचे पंधरा दिवस चोवीस तास दिवा, म्हणजे ती झपाट्याने वाढतात. मग एकदम दहा तासांचा दिवस आणि चौदा तासांची रात्र. रोपाला वाटते, आश्विन आला. दोन महिन्यांच्या आत ते निसवते आणि वर्षाला चार ते पाच पिढ्या हाती येतात. जवळपास दोनशे वाणांवर त्यांनी हे करून पाहिले. गव्हात हेच काम आधी झाले होते, पण गव्हाला बावीस तास उजेड दिला की तो फुलतो. धानाला फुलवायला काळोखही मोजून द्यावा लागला. कोट्यवधींच्या यंत्रणेलाही शेवटी दिवा बंद करण्याची वेळ सांभाळावी लागते, याचे मला फार अप्रूप वाटते.

या घाईच्या बाजूला मला दादाजी खोब्रागडे यांना ठेवावेसे वाटते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेड हे त्यांचे गाव. १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या खुडून जपल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. हंगामामागून हंगाम असे करत बारीक दाण्याचा, जास्त उतरणारा धान स्थिर झाला. १९९० च्या सुमारास तो बाजारात गेला आणि त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. प्रयोगशाळा नाही, दिवे नाहीत. वर्षाला एक पिढी, सूर्याच्या चालीने. दादाजी २०१८ च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या वाट्याला मान आला, पैसा आला नाही. वाराणसीच्या खोलीतला वेग मला हवा आहे, गादमाशीशी लढायला तो लागणारच. पण त्या खोलीत कोणते दोन धान एकत्र आणायचे, हे ठरवायला बांधीत उभा राहून लोंबी ओळखणारा डोळा लागेल. तो डोळा अजून खेड्यांत आहे.

बांधीत आणखी एक दिवा लागतो, तो प्रकाशसापळ्याचा. धुऱ्यावर दिवा टांगायचा, खाली घमेल्यात पाणी आणि थोडे रॉकेल. अंधार पडताना खोडकिड्याचे पतंग आणि डासासारखी दिसणारी गादमाशी त्यावर येऊन पडते. किती पडले, यावरून फवारणीची गरज कळते. गादमाशीने पोखरलेल्या फुटव्याचा चंदेरी पोंगा होतो, त्याला लोंबी कधीच येत नाही, म्हणून ही मोजणी मोलाची. पण हा दिवा संध्याकाळी दोन-तीन तास लावून बंद करायचा असतो. तुडतुड्याची गोष्ट उलटी. त्याला चुडांच्या बुडाशी दाट सावली आणि ओल हवी असते. त्यासाठी दर आठ-दहा ओळींमागे फूटभर पट्टा मोकळा सोडून रोवणी करायला सांगतात, म्हणजे ऊन-वारा बुडापर्यंत पोचतो. जागा वाया जाते, असे अनेकांना वाटते. तुडतुड्याने जळालेला गोल तुकडा एकदा पाहिला, की तसे वाटत नाही.

पंपाला वीज दिवसा मिळावी, ही मागणीही उन्हाच्या याच हिशेबात बसते. रात्रीच्या पाळीत पंप सुरू करायला विंचू-सापातून जाणे, रानडुकरांच्या वाटेवर उभे राहणे, हे धानकऱ्याने किती वर्षे सोसायचे? २०१७ साली आलेल्या आणि २०२३ साली नव्याने आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीसाठी सौर पॅनलची वीज दिवसा द्यायची आहे. ती खरोखर प्रत्येक बांधीपर्यंत पोचली, तर ज्या उन्हात दाणा भरतो, तेच ऊन पाणीही चढवील.

उरला तो धुऱ्यावरचा विजेचा खांब. गावात दिवा नको, असे मी म्हणणार नाही. अंधारात पाय घसरून पडलेली म्हातारी माणसे आणि ट्यूशनहून उशिरा परतणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पण पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड एक लक्सच्याही खूप खाली असतो, आणि खांबाच्या बुंध्याशी दहा-वीस लक्स सहज पडतात. कोजागिरीच्या चांदण्याने धान फसत नाही, दिव्याने फसतो. जपानमध्ये हा प्रश्न इतका जाणवला, की यामागुची विद्यापीठातल्या संशोधकांनी भाताचा निसवा लांबणार नाही अशा एलईडी पथदिव्यांवर काम केले. आपल्याला तेवढेही लांब जायला नको. जड धान रात्र मोजतो ते दिवस भाद्रपद-आश्विनातले, म्हणजे गणपतीपासून दुर्गाउत्सवापर्यंतचे. नेमके तेव्हाच शिवेवरचे दिवे आणि मंडपांच्या माळा रात्रभर जळतात. त्या दिवसांत शेताला लागून असलेले चार-सहा खांब रात्री दहानंतर बंद ठेवावेत, किंवा दिव्याच्या बांधीकडच्या बाजूला पत्र्याचे झाकण बसवावे. ग्रामपंचायतीला खर्च येईल तो एका पत्र्याचा आणि दोन बोल्टांचा.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडया भरतील. रात्रभर नाटके होतील, मंचावर मोठमोठे दिवे लागतील आणि सगळा गाव उजेडात जागेल. तोवर जड धानाने आपली रात्र मोजून घेतलेली असेल. पहाटे नाटक सुटल्यावर लोक विळे घेऊन थेट बांधीवर जातील. खांबाखालचा तुकडा हिरवा असेल, तर तो तेवढा मागे ठेवून बाकीचा धान कापतील.